बोटाचा थकवा, कोयत्याचा हिशोब

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलतानाचे काही "म्हणजे" काढलेत, काही राहू दिलेत.)

आजचा विषय थकवा. मनाचा नाही, त्यावर वेगळा भाग करू कधीतरी. आज फक्त स्नायूंचा. दंडाचा, पोटरीचा, मनगटाचा.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात स्मार्टवॉच असेल. सकाळी उठलं की ते सांगतं, रिकव्हरी ८५ टक्के. हा आकडा येतो कुठून? मुख्यतः हृदयाकडून. दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतंय, झोपेत नाडी किती खाली आली, झोप किती झाली, यावरून. म्हणजे घड्याळ बसलंय मनगटावर, पण तिथून चार बोटं वर जो स्नायू आहे त्याची हालहवाल त्याला ठाऊक नाही. काल तुम्ही तीन तास कुदळ मारली असेल, तर आज घड्याळ ९० टक्के दाखवेल आणि चहाचा कप धरताना हात थरथरेल. दोघंही खरं बोलतायत. अख्ख्या शरीराचा थकवा वेगळा आणि एका जागच्या स्नायूचा वेगळा.

आपल्या भाषेला हा फरक घड्याळाआधीपासून कळतो. पोटऱ्यांत गोळे येतात, कमरेत उसण भरते, हाताला मुंग्या येतात, खांदे भरून येतात. जागा बदलली की शब्द बदलतो. आणि सगळंच गेलं की अंग आंबतं. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी मूळचा दौंडचा. बीटेक करून पुण्यात कोड लिहितो. आमच्या दौंड आणि शिरूरच्या पट्ट्यात भीमा आणि घोड नद्यांच्या पाण्यावर ऊस पिकतो, पाटसला भीमा कारखाना, न्हावऱ्याला घोडगंगा. दिवाळीच्या मागेपुढे रस्त्याकडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. तिथूनच मला हा विषय सुचला. कष्टाने दमलेल्या स्नायूचा हिशोब कुणी, कधी आणि कशासाठी ठेवला?

यंत्र नव्हतं तेव्हा थकवा मैलात आणि तासात सांगायचे. आमच्याच भागातलं उदाहरण घ्या. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री साडेआठच्या सुमारास कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाली. पायदळातले शिपाई मोठ्या संख्येने महार होते. रात्रभर पंचवीसहून जास्त मैल चालून सकाळी दहाच्या आसपास ते कोरेगावापाशी पोचले आणि समोर पेशव्यांचं सैन्य. मग रात्री नऊपर्यंत लढाई, अन्नपाण्याशिवाय. त्या लढाईबद्दल पुष्कळ लिहिलं-बोललं गेलंय, मी आज फक्त पायांबद्दल बोलतोय. चाळीस किलोमीटर चालून आलेल्या पोटऱ्यांवर माणूस अकरा तास उभा राहिला, तर त्या पोटऱ्यांमध्ये काय शिल्लक असतं? त्या काळच्या वर्णनांत मैल आहेत, तास आहेत, मेलेल्या-जखमी झालेल्यांचे आकडे आहेत. थकव्यासाठी फक्त विशेषणं आहेत. दुसरं काही असणं शक्यच नव्हतं, कारण मोजायचं साधन जगात कुठेच नव्हतं.

साधन आलं इटलीतून. तुरीन शहरात आंजेलो मोस्सो नावाचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. १८८४ मध्ये त्यांनी एक यंत्र तयार केलं, नाव ठेवलं अर्गोग्राफ, म्हणजे काम लिहिणारं यंत्र. कल्पना इतकी साधी की आपण गॅरेजमध्ये बनवू शकू. हात टेबलावर उताणा ठेवायचा आणि कोपरापासून मनगटापर्यंत पट्ट्यांनी जखडायचा. तर्जनी आणि अनामिका पितळी नळ्यांत अडकवायच्या, म्हणजे त्यांची मदत मिळणार नाही. मोकळं राहतं फक्त मधलं बोट. त्या बोटाला कडं, कड्याला दोरी, दोरी कप्पीवरून खाली आणि खाली साधारण तीन किलोचं वजन. दर दोन सेकंदांनी ठोका पडतो आणि ठोक्याला बोट वाकवून वजन वर ओढायचं. दोरीला जोडलेली टोकदार सुई काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर प्रत्येक उचलीची उभी रेघ काढते.

पहिल्या रेघा उंच, मग हळूहळू बुटक्या, शेवटी बोट हलतच नाही. रेघांची टोकं जोडली की थकव्याचा आलेख तयार.

अख्ख्या माणसाऐवजी एका बोटाचे स्नायू वेगळे काढले, यात मोस्सोचं खरं डोकं दिसतं. आम्ही कोडमधला बग शोधताना हेच करतो. सगळी सिस्टिम एकदम बघितली तर काही कळत नाही, एक छोटा तुकडा वेगळा काढायचा आणि त्याला त्रास द्यायचा.

त्यात काय दिसलं? एक, प्रत्येक माणसाचा आलेख त्याच्या सहीसारखा असतो. कुणाचं बोट बराच वेळ टिकून एकदम कोसळतं, कुणाचं पहिल्यापासून हळूहळू उतरतं, आणि वर्षांनंतर पुन्हा मोजलं तरी ढब तीच. दोन, डोक्याचं काम बोटातही उतरतं. माज्जोरा नावाचे मोस्सोचे सहकारी होते. तासन्‌तास विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आले की त्यांचं बोट नेहमीपेक्षा लवकर थांबायचं, आणि दिवसभरात बोटाने तर काहीच केलेलं नसायचं! (ऑफिसात सलग सहा मीटिंग करून जिमला जाणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

तिसरी गोष्ट मात्र सगळ्यात महत्त्वाची, आणि तिच्यासाठीच मी हा भाग करतोय. माज्जोरांनी विश्रांती मोजली. समजा तीस वेळा वजन उचलल्यावर बोट पूर्ण दमलं. पुन्हा पूर्वीइतकं काम करायला त्या स्नायूंना सुमारे दोन तास लागले. आता तीसऐवजी पंधरा वेळाच उचललं आणि थांबलो, तर किती विश्रांती लागेल? शाळेतल्या त्रैराशिकाने उत्तर एक तास. प्रत्यक्षात पुरला अर्धा तास.

परत एकदा सांगतो. काम निम्मं, पण लागणारी विश्रांती चौथा हिस्सा. म्हणजे शेवटच्या पंधरा उचली पहिल्या पंधरा उचलींपेक्षा कितीतरी महाग पडल्या. दोन बिंदूंवरून अख्खा वक्र काढू नये हे मला कळतं, पण दिशा स्पष्ट आहे. दमलेल्या स्नायूकडून काढलेलं काम वजनात तेवढंच भरतं, पण त्याची परतफेड करायला वेळ जास्त लागतो. आणि ती पूर्ण व्हायच्या आत परत कामाला जुंपलं तर पुढचा आलेख सुरुवातीपासूनच बुटका निघतो.

मोस्सोंचा हा सगळा अभ्यास १८९० मध्ये छापून आला आणि १८९१ मध्ये थकव्यावरचं त्यांचं पुस्तक आलं.

आता त्याच सालांत मुंबईत काय चाललं होतं ते बघा. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. पुढारी नारायण मेघाजी लोखंडे, जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक. त्या सभांतून तयार झालेल्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या काय? रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, त्यापुढे नाही. पगार वेळेवर. कामावर इजा झाली तर भरपाई.

यातल्या पहिल्या तीन मागण्या विश्रांतीच्या आहेत. अर्गोग्राफ आणि हा अर्ज, दोन्ही १८८४ चे. तुरीनमधल्या बोटाला जे दोन तास लागले ते परळमधल्या खांद्यांना आठवड्यातून एक दिवस हवे होते. लोखंड्यांनी मोस्सोंचं काही वाचलं असण्याचं कारण नाही, आणि गरजही नव्हती. पुढे २४ एप्रिल १८९० ला मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली, तिथे दोन बायकाही बोलल्या, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. तुमचा माझा रविवार असा आलाय. मोस्सोंचे थकव्याचे नियम छापून आले तेही हेच वर्ष!

पुढच्या तीस-चाळीस वर्षांत थकवा मोजण्याचं पीकच आलं. त्यातलं एकच नाव घेतो. अमेरिकेत बेथलेहेम स्टीलमध्ये १८९९ च्या सुमारास फ्रेडरिक टेलर. लोखंडाच्या ४२ किलोच्या लाद्या उचलून रेल्वेच्या वाघिणीत भरायच्या. आमच्या दौंडच्या मालधक्क्यावरच्या हमालांना हे काम वेगळं सांगावं लागणार नाही. टेलरने घड्याळ लावलं आणि त्याचा निष्कर्ष असा होता की इतकं वजन उचलणारा तगडा माणूस दिवसाच्या फक्त ४३ टक्के वेळ ओझ्याखाली राहू शकतो. उरलेले ५७ टक्के त्याचे हात रिकामे हवेत. त्याने कामगारांना ठरलेल्या वेळी बसायला लावलं, उठायला लावलं, आणि माणशी साडेबारा टनांवरून काम साडेसत्तेचाळीस टनांवर गेलं असा दावा केला. मजुरी किती वाढली? दिवसाला १.१५ डॉलरवरून १.८५. काम पावणेचार पट, मजुरी दीड पटीच्या थोडी वर. ही गोष्ट टेलरने बरंच तिखटमीठ लावून सांगितली होती असं नंतरच्या इतिहासकारांनी दाखवलंय. तरी त्यातला धडा उरतोच. विश्रांती मोजणारा माणूस कामगाराच्या बाजूचा असेलच असं नाही. विश्रांतीचा उपयोग त्याच पाठीवरून आणखी माल काढायलाही होतो.

आता थोडं विज्ञान, कारण जिमवाले मित्र वाट बघत असतील. लॅक्टिक ॲसिड. १९०७ मध्ये केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी दाखवलं की बेडकाच्या दमलेल्या स्नायूत लॅक्टिक ॲसिड साठतं. हेच आम्ल दह्याला आंबट करतं. आणि आपण कधीपासून म्हणतोय, अंग आंबलं! मला हा योगायोग फार आवडतो. पण दुसऱ्या दिवशी जे ठणकतं त्याचा दोष या आम्लाला देऊ नका. ते तासाभरात निघून जातं. १९०२ मध्येच थिओडोर हाफ या अमेरिकन संशोधकाने अर्गोग्राफवरच काम करताना दोन दुखणी वेगळी ओळखली होती. एक काम करतानाच होणारं, लवकर ओसरणारं. दुसरं आठ-दहा तासांनी सुरू होणारं, ते स्नायूच्या आत झालेल्या बारीक फाटाफुटीमुळे असावं, असं त्याचं म्हणणं. शंभरहून जास्त वर्षं होऊन गेली, तरी जिममधला ट्रेनर अजून लॅक्टिक ॲसिडच सांगतो.

विश्रांती म्हणजे नेमकं काय, हे १९५४ मध्ये मर्टन नावाच्या इंग्रज डॉक्टरने छान दाखवलं. अंगठ्याचा एक स्नायू पूर्ण दमवला आणि दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून रक्त थांबवलं. हात निवांत पडलेला, काहीच काम नाही, तरी ताकद परत येईना. पट्टा सोडला, रक्त वाहिलं, मग ताकद आली. म्हणजे नुसतं थांबणं ही विश्रांती नव्हे, रक्त पोचलं पाहिजे.

यालाच जोडून १९६० चं जर्मनीतलं रोमर्ट यांचं काम. एखादी वस्तू न हलवता घट्ट धरून ठेवली तर किती वेळ टिकतो? पूर्ण ताकदीच्या निम्म्या जोराने धरलं तर जेमतेम एक मिनिट. साधारण १५ टक्क्यांच्या खाली जोर असेल तर बराच काळ. कारण घट्ट आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. मर्टनचा पट्टा तो स्वतःच बांधून घेतो म्हणा ना.

हे सगळं डोक्यात ठेवून आता उसाच्या फडात चला.

कोयत्याची मूठ आवळलेली. दुसऱ्या हाताने उसाची टिपरी धरलेली. कंबर वाकलेली, कारण ऊस जमिनीलगत तोडायचा, बुडखा राहिला तर शेतकरी आणि कारखाना दोघंही बोलतात. वार, पाला साळणं, शेंडा उडवणं, पुन्हा वार. हातातला कोयता काही सेकंदांपुरताही सुटत नाही. मागे बाई ऊस गोळा करते, वाढ्याने मोळी बांधते, ती डोक्यावर घेते आणि आडव्या फळीवरून ट्रकमध्ये चढवते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. माणसं मोजायचं एककच अवजाराच्या नावाचं आहे, आणि एकटा आला तर तो 'अर्धा कोयता'. बीड, पाथर्डी, शेवगाव अशा भागांतून या टोळ्या येतात. मुकादम हंगामाआधी उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि मग टनाच्या दराने ती फिटेपर्यंत तोड.

मागच्या हंगामात मी शिरूर तालुक्यातल्या एका मित्राच्या फडात गेलो होतो. फिजिओथेरपी करणाऱ्या मैत्रिणीकडून पकड मोजायचं यंत्र मागून नेलं होतं, हँड डायनामोमीटर. मूठ आवळली की किलोत आकडा दाखवतं. आधी स्वतःची पकड मोजली आणि मग वीस मिनिटं कोयता चालवला. पकड जवळजवळ एक तृतीयांश उतरली. अर्धा तास बांधावर बसलो तरी सकाळच्या आकड्याला पोचलो नाही. टोळीतल्या एका मावशींना म्हटलं, "तुम्ही पण दाबून बघा." त्या हसल्या. "आकडा घेऊन काय करायचाय दादा? आमचा काटा कारखान्यावर हाय."

काटा म्हणजे वजनकाटा. गाडी भरून त्यावर जाते आणि टन ठरतात. त्या काट्यावरही कुणाचा फार विश्वास आहे असं नाही, 'काटा मारला' हा शब्द आमच्याकडे लहान पोरांनाही कळतो. पण मावशींच्या बोलण्यात मला माज्जोरा दिसले. काटा मोजतो तो ऊस. पहाटेच्या थंडीत ताज्या हाताने तोडलेला टन आणि दुपारी दोनला उन्हात आंबलेल्या हाताने तोडलेला टन, काट्यावर सारखेच. शरीराच्या वहीत दुसऱ्याची किंमत कितीतरी जास्त. दर सरळ रेषेत चालतो, थकवा वळण घेतो. गेल्या काही वर्षांत दरवाढीची आंदोलनं झाली, जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढही मान्य झाली. ती हवीच होती. पण वाढलेला दरसुद्धा टनाचाच आहे.

आणि विश्रांतीचं काय? एक तर गाडी कधी येईल याचा नेम नाही. रात्री दोनला आली तर रात्री दोनला उठून भरायची. दुसरं म्हणजे खाडा. एक दिवस कामावर नाही गेलं तर मजुरी बुडतेच, वर दंड कापला जातो. २०१९ च्या बातम्यांत दिवसाला पाचशे रुपयांपर्यंतचे आकडे आले होते. म्हणजे बाकी सगळ्यांना रविवारची सुट्टी असते आणि इथे सुट्टी विकत घ्यावी लागते.

त्याच वर्षी आणखी एक आकडा बाहेर आला. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या महिलांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली जातायत अशा बातम्यांनंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. दर सहा जणींमागे एक. कारणं एकच नाहीत. कॅन्सरची भीती घालणारे डॉक्टर आहेत, फडावर पाणी आणि शौचालय नसणं आहे, लहान वयातली लग्नं आणि बाळंतपणं आहेत. पण अनेक बायकांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. पाळीच्या दिवसांत दुखलं तरी खाडा परवडत नाही. विश्रांतीला दंड असला की माणूस विश्रांतीची गरजच शरीरातून काढून टाकायला तयार होतो. मोस्सोंच्या यंत्राने हे कधीच मोजलं नसतं.

मोस्सोंना मात्र हे अगदीच परकं वाटलं नसतं. आपल्या पुस्तकात त्यांनी सिसिलीतल्या गंधकाच्या खाणीत काम करणाऱ्या पोरांबद्दल लिहिलंय. कारुसी म्हणत त्यांना. खाणीच्या पोटातून पाठीवर गंधकाचा दगड वाहून आणायचा, खांदे आणि पाठीचे कणे वाकडे झालेले. खाणकामगार पोराच्या आईबापाला आधी रक्कम द्यायचा आणि ती फिटेपर्यंत पोर त्याचं. उचलच ती. प्रयोगशाळेत एका बोटाला दोन तास विश्रांती देणाऱ्या माणसाला बाहेर हे दिसत होतं, आणि त्याने ते थकव्याच्या पुस्तकात घातलं, परिशिष्टात ढकललं नाही. मला मोस्सो आवडतात ते यासाठी.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण विश्रांती द्यायची तर तोड कमी होईल, कारखाना कसा चालायचा? याला उत्तर आहे, आणि तेही उसाच्याच फडातलं. मध्य अमेरिकेत एल साल्वाडोरमध्ये तोडकऱ्यांना उन्हामुळे आणि कष्टामुळे मूत्रपिंडाचे आजार होत होते. तिथे एका गटाला पाठीवर पाण्याची पिशवी, हलवता येणारी सावली, ठरलेल्या वेळी विश्रांती आणि जरा सुधारलेला कोयता दिला. २०१६ मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांत माणशी रोजची तोड ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली होती. हे आकडे आपल्याकडच्या तोडीशी ताडून बघू नका, तिकडे बहुतेक ऊस आधी पेटवून पाला जाळतात, आपल्याकडे पाला हाताने साळायचा आणि मोळ्याही बांधायच्या. शिवाय वाढीतला किती भाग कोयत्याचा आणि किती विश्रांतीचा, हे वेगळं काढता येत नाही. पण विश्रांती वाढवूनही तोड घटली नाही, एवढं तरी त्यातून दिसतं. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या दारूगोळा कारखान्यांतही हेच दिसलं होतं, कामाचे तास कमी केले तरी उत्पादन टिकलं, काही ठिकाणी वाढलं.

कायद्याचं म्हणाल तर गंमत आहे, म्हणजे हसण्यासारखी नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कलम ५५ होतं. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये किमान अर्धा तास विसावा. हाच लोखंड्यांचा अर्धा तास. साखर कारखान्याच्या गेटच्या आत बॉयलरवर काम करणाऱ्याला तो मिळतो. त्याच कारखान्याचा ऊस गेटच्या बाहेर तोडणाऱ्याला नाही, कारण फड म्हणजे फॅक्टरी नव्हे. २०१९ मध्ये गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झालं, मुलांच्या वसतिगृहांची कामं त्यातून सुरू झाली, चांगलंच आहे. विसाव्याचा अर्धा तास मात्र अजून गेटच्या आतच आहे.

मला इंजिनिअर मित्र विचारतात, मग एखादं ॲप कर ना. सेन्सर लाव, स्नायूची विद्युत लहर मोज, थकला की बीप. तांत्रिकदृष्ट्या होईल. स्नायू दमला की त्याच्या विद्युत लहरींची गती मंदावते हे जर्मनीत हान्स पायपरने शंभरेक वर्षांपूर्वी बघितलं होतं, आणि आता तसे सेन्सर चिकटपट्टीएवढे झालेत. पण दोन अडचणी आहेत. पहिली शास्त्रातली. १९७७ मध्ये एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दमलेला स्नायू एकदाच जोर लावायला लवकर तयार होतो, पण हलक्या, रोजच्या कामाला लागणारी त्याची ताकद दिवसभर, कधी त्याहून जास्त वेळ खालीच राहते. म्हणजे माझं पकड मोजायचं यंत्र दुसऱ्या दिवशी सकाळी "ठीक आहे" म्हणेल आणि मोळी बांधताना बोटं ऐकणार नाहीत. तोड रोज असेल तर हा खड्डा भरायला वेळच नाही. दुसरी अडचण टेलरची. तो बीप कुणाच्या फोनवर वाजणार? मुकादमाच्या फोनवर वाजला तर पुढच्या हंगामात लवकर दमणाऱ्या कोयत्याला उचल मिळणार नाही, एवढंच होईल. म्हणून मी ते ॲप करत नाहीये.

करण्यासारखं जे आहे त्याला सेन्सर लागत नाही. माज्जोरांच्या अर्ध्या तासाचा अर्थ इतकाच की थांबायचं ते दमायच्या आधी. पूर्ण आंबल्यावर दुपारी तासभर आडवं होण्यापेक्षा सकाळपासून थोडं थोडं थांबणं स्वस्त पडतं. हे अर्थात टनावर जगणाऱ्या माणसाला सांगून उपयोग नाही. थांबलेल्या वेळेचे पैसे दरात धरले तरच तो थांबेल. दर ठरवायला साखर संघ आणि कामगार संघटना दर काही वर्षांनी बसतात. त्या बैठकीत टनाचा दर, मुकादमाचं कमिशन आणि वाहतूक यांच्यावर घासाघीस होते. या हंगामात तोडणीची पावती कुणाकडे असेल तर बघा. वजन, दर, उचलीतून वजा, असे रकाने सापडतील. विसाव्याचा नसेल.

पुढच्या भागात पाठीवरच्या पोत्याबद्दल बोलू, म्हणजे पुण्याची हमाल पंचायत, बाबा आढाव आणि शंभर किलोचं पोतं पन्नासवर आणायचा लढा. तुमच्या घरात कुणी मार्केट यार्डात हमाली केली असेल तर आठवणी व्हॉइस नोटने पाठवा, नाव जाहीर करणार नाही. भेटू!